एकोणचाळीस आकडी संख्या आणि एक शाळामास्तर

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप ग्रुपवर आला. बाकांच्या, सहलींच्या आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांच्या आठवणी आपल्या बॅचमधले इतरजण माझ्यापेक्षा छान लिहितील याची मला खात्री आहे. म्हणून मी एका गणिताच्या मास्तरांचे चरित्र लिहायचे ठरवले. ते आपल्या शाळेतले नाहीत, आपल्या देशातलेही नाहीत. १८९१ मध्येच ते वारले. पण त्यांनी छापून प्रसिद्ध केलेला एक खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे, तोही तास चालू असताना. वहीच्या मागच्या पानावर ठिपके काढायचे, आळीपाळीने दोन ठिपके रेघेने जोडायचे, आणि ज्याच्या रेघेने चौकोन पुरा होईल त्याने त्यात आपले आद्याक्षर लिहायचे. हा खेळ सर्वप्रथम छापील स्वरूपात मांडणारे गृहस्थ म्हणजे एदुआर ल्युका. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्यांना लुकास म्हणून ओळखतो, पण फ्रेंच लोक शेवटचा स उच्चारत नाहीत.

आपल्यातले जे माझ्यासारखे इंजिनिअरिंगला गेले, त्यांची ल्युकांशी आणखी एक ओळख आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला टॉवर ऑफ हनोईचा प्रोग्रॅम सगळ्यांनी लिहिला आहे. तीन खांब, एका खांबावर लहानमोठ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, मोठी लहानीवर ठेवायची नाही. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची ही कल्पना डोक्यात बसवण्यासाठी त्याहून सोपे उदाहरण नाही. तो खेळही ल्युकांचाच. मला मात्र या दोन्ही खेळांहून त्यांची एक संख्या जास्त आवडते, आणि या लेखाचा खरा विषय तीच आहे.

ती संख्या अशी: दोनाचा १२७ वा घात, वजा एक. पूर्ण लिहिली तर १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. एकोणचाळीस आकडे. १८७६ मध्ये ल्युकांनी जाहीर केले, की ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. तोवर माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याहून कितीतरी लहान होती. आणि हा विक्रम पुढे ७५ वर्षे, १९५१ पर्यंत, कोणी मोडू शकले नाही. यंत्राच्या मदतीशिवाय, केवळ हाताने हिशेब करून मूळ ठरवलेली ती आजही सर्वांत मोठी संख्या आहे.

ल्युकांचा जन्म ४ एप्रिल १८४२ चा, उत्तर फ्रान्समधल्या आम्यां या गावचा. शिक्षण झाल्यावर ते पॅरिसच्या वेधशाळेत कामाला लागले. तिथले प्रमुख होते ल वेरिए, म्हणजे कागदावरच्या गणितातून नेपच्यून कुठे सापडेल हे सांगणारे. माणूस बुद्धीने अफाट आणि स्वभावाने तितकाच कडक. हाताखालची माणसे त्यांना इतकी कंटाळली, की १८७० मध्ये ल वेरिएंना पदावरून दूर करावे लागले. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. ल्युका तोफखान्यात अधिकारी म्हणून लढायला गेले. फ्रान्स हरला. युद्ध संपल्यावर ल्युका वेधशाळेत परतले नाहीत, ते मास्तर झाले. आधी मूलां या लहान शहरात, मग पॅरिसमध्ये सँ लुई आणि शार्लमान्य या नावाजलेल्या शाळांत. ज्यांच्या नावाने आज गणितात अनुक्रम आहेत, कसोटी आहे, प्रमेय आहे, त्यांनी आयुष्यभर विद्यापीठात नव्हे तर शाळेत शिकवले. वर्गात ते मुलांना हसवत, रमवत, अशी त्यांची ख्याती होती. आपल्याकडे देवळालीचे द. रा. कापरेकर शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या संख्येपाशी पोचले, तशीच ही जातकुळी.

तोफखान्याचा विषय निघालाच आहे, तर त्यांचे एक कोडे सांगते. तोफेचे गोळे चौरस तळावर एकावर एक थर देत रचले, वर एक, खाली चार, त्याखाली नऊ, अशी उतरंड, तर एकूण गोळे पुन्हा एका पूर्ण चौरसात मांडता येतील असे किती थर असावेत? एक थर असेल तर उघडच. ल्युकांनी १८७५ मध्ये म्हटले, की त्याखेरीज एकच उत्तर आहे: २४ थर, एकूण ४९०० गोळे, म्हणजे ७० गुणिले ७०. उत्तर बरोबर होते. दुसरे उत्तर असूच शकत नाही याची पुरी सिद्धता मात्र १९१८ मध्ये वॉटसन यांनी दिली. ल्युकांचे हे असे नेहमीचेच. त्यांना उत्तर आधी दिसायचे, आणि सिद्धतेत फटी राहायच्या. त्या बुजवण्याचे काम मागून येणाऱ्यांना करावे लागले.

आता मुख्य गोष्ट. दोनाचा घात वजा एक, अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन हे पॅरिसमधले धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. १६४४ मध्ये त्यांनी एका ग्रंथात एक यादी दिली: घात २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असेल तर येणारी संख्या मूळ असते, आणि २५७ पर्यंतच्या बाकी घातांना ती मूळ नसते. हे त्यांनी कशाच्या जोरावर लिहिले ते कळायला मार्ग नाही, कारण इतक्या मोठ्या संख्या तपासायचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. १७७२ मध्ये ऑयलर यांनी ३१ चा घात तपासला. २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही संख्या मूळ निघाली. आमच्या धंद्यातल्या लोकांना ती तोंडपाठ असते, कारण ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या. २०१४ मध्ये गंगनम स्टाइल गाण्याच्या यूट्यूबवरच्या आकड्याने हीच मर्यादा गाठली आणि तिथला मोजणारा आकडा ६४ बिटांचा करावा लागला, हे अनेकांना आठवत असेल.

ऑयलरची रीत म्हणजे, थोडी चतुराई सोडली तर, भागून पाहणे. आपल्याला पाचवी-सहावीत शिकवले तसे: दोनने भाग जातो का, तीनने जातो का, पाचने जातो का, असे वर्गमुळापर्यंत. एकोणचाळीस आकड्यांच्या संख्येचे वर्गमूळ वीस आकडी असते. एका सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र लावले आणि प्रत्येक संख्येने भागून पाहायचे ठरवले, तरी चारशेहून अधिक वर्षे लागतील. ल्युकांपाशी कागद, शाई आणि शाळा सुटल्यावरचा वेळ होता.

त्यांनी भागून पाहणेच सोडून दिले. संख्येला न फोडता ती फुटते की नाही हे सांगता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना एका साध्या मालिकेत सापडले: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७, आणि पुढे असेच, प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. आज हिला ल्युका संख्या म्हणतात. हिची मोठी बहीण १, १, २, ३, ५, ८ ही. तिला फिबोनाचीचे नाव कायमचे चिकटले ते ल्युकांमुळेच. (आपल्याकडे छंदशास्त्रात मात्रा मोजताना बाराव्या शतकात हेमचंद्रांनी ती मालिका दिली होती, फिबोनाचीच्याही आधी. पण नाव द्यायला ल्युका तिकडे होते.) या मालिकेतल्या दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या जागेवरच्या संख्या उचलल्या की ३, ७, ४७, २२०७ मिळतात. यांच्यातले नाते फार सोपे आहे. आधीच्या संख्येचा वर्ग करा, दोन वजा करा, पुढची मिळते. तिनाचा वर्ग नऊ, वजा दोन सात. सातचा वर्ग ४९, वजा दोन ४७.

कसोटी अशी. समजा घात ७ आहे, म्हणजे तपासायची संख्या १२७. तीनपासून सुरुवात करायची, वर्ग करून दोन वजा करत जायचे, आणि उत्तर १२७ पेक्षा मोठे झाले की १२७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३, ७, ४७. पुढे २२०७ येते, त्याला १२७ ने भागल्यावर बाकी ४८. अठ्ठेचाळीसचा वर्ग वजा दोन २३०२, बाकी १६. सोळाचा वर्ग वजा दोन २५४, आणि ते बरोबर १२७ ची दुप्पट, म्हणजे बाकी शून्य. घातापेक्षा एक कमी, म्हणजे सहाव्या जागेवर शून्य आले. शून्य आले की संख्या मूळ. नाही आले तर नाही. हे कागदावर करून बघाच. पाच मिनिटांचे काम आहे.

आता घात ११ घ्या. संख्या २०४७. इथे दहाव्या जागेवर शून्य यायला हवे. मालिका चालते अशी: ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, १६०, १०३४. नवव्या जागेवर १६० पुन्हा आले, म्हणजे आता ही मालिका त्याच गोलात फिरत राहणार, शून्य कधीच येणार नाही. तर २०४७ मूळ नाही. आणि खरेच, २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. पण गंमत पाहा, ही कसोटी आपल्याला २३ किंवा ८९ यांचा पत्ताही लागू देत नाही. ती फक्त सांगते की ही संख्या फुटते. कुठे फुटते, ते तुमचे तुम्ही शोधा. तीनपासून सुरुवात करणारी ही रीत ज्या घाताला चारने भागल्यावर बाकी तीन उरते त्यांनाच चालते. ७, ११, ६७ आणि १२७ हे सगळे त्या जातीचे. इतर घातांसाठी ल्युकांनी वेगळ्या सुरुवाती दिल्या होत्या.

१२७ च्या घातासाठी १२५ वेळा वर्ग करायचा, प्रत्येक वेळी एकोणचाळीस आकड्यांपर्यंतच्या संख्येचा. हे मोठे काम, पण माणसाला जमण्यासारखे. इथे ल्युकांनी जे केले ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांनी हिशेब दहाच्या पद्धतीत न मांडता द्विमान पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एक यांत मांडला. बुद्धिबळाच्या पटासारखा पट, पण बाजूला आठ घरे नाहीत, १२७. एक असेल तिथे सोंगटी, शून्य असेल तिथे मोकळे घर. गुणाकार म्हणजे तीच ओळ एकेक घर सरकवून खाली खाली मांडणे. आणि दोनाचा घात वजा एक या संख्येने भागून बाकी काढायची असली तर भागाकार करावाच लागत नाही: जी सोंगटी डावीकडून पटाबाहेर जाईल ती त्याच ओळीच्या उजव्या टोकाला परत आणून ठेवायची. मग एका उभ्या रांगेत दोन सोंगट्या दिसल्या की त्या उचलून शेजारच्या रांगेत एक ठेवायची. शेवटी एकच ओळ उरते. झाला एक वर्ग. असे १२५ वेळा. आम्ही ज्याला रजिस्टर म्हणतो, शिफ्ट म्हणतो, कॅरी म्हणतो, ते सगळे या मास्तरांनी सोंगट्यांवर केले, आणि तेही पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक तयार होण्याच्या सत्तर वर्षे आधी.

माझे चोवीस वर्षांचे नोकरीचे आयुष्य प्रोग्रॅम लिहिण्यात कमी आणि तो बरोबर चालतो का हे तपासण्यात जास्त गेले आहे. त्यामुळे मला इथे लगेच प्रश्न पडला, की एवढ्या लांबलचक हिशेबात एखादी सोंगटी चुकून शेजारच्या घरात पडली नसेल कशावरून? याचे उत्तर फार सुंदर आहे. चूक झाली असती तर पुढचे सगळे आकडे विस्कटले असते, आणि विस्कटलेल्या हिशेबात नेमक्या शेवटच्या पायरीला शून्य यायची शक्यता जवळपास नाहीच. एकोणचाळीस आकडी संख्येइतक्या बाक्या येऊ शकतात, त्यातली एकच शून्य. म्हणजे शून्य आले, तर ते स्वतःच सांगते की हिशेब बरोबर आहे. उलट शून्य आले नाही तर मात्र काही कळत नाही. संख्या मूळ नसेल, किंवा आपली सोंगटी घसरली असेल. दोन्हीचे उत्तर सारखेच दिसते. १९१४ मध्ये फोकांबर्ग यांनी ल्युकांच्याच रीतीने १२७ चा हिशेब पुन्हा केला, उत्तर तेच आले. पण मला वाटते, शून्य पाहिले त्या क्षणी ल्युकांना दुसऱ्या कोणाच्या दाखल्याची फारशी गरज उरली नसावी.

६७ चे तसे नव्हते. १८७६ मध्येच ल्युकांनी दाखवले, की मर्सेन यांची ६७ ची नोंद चुकीची आहे, दोनाचा ६७ वा घात वजा एक ही संख्या मूळ नाही. एकवीस आकडी संख्या. अवयव मात्र एकही हाती नाही. शाळेत आपण म्हटले असते की ही संख्या मूळ नाही, आणि बाईंनी विचारले असते की मग अवयव सांग, आणि अवयव माहीत नाही म्हटल्यावर आपण बाकावर उभे राहिलो असतो. सत्तावीस वर्षे ही संख्या तशीच अवयवांविना राहिली. मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित परिषदेच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्द न बोलता त्यांनी दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या भागात १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आले. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात. तोवर ल्युकांना जाऊन बारा वर्षे झाली होती. त्या टाळ्यांमधल्या काही त्यांच्या वाट्याच्या होत्या असे मी मानते.

मर्सेन यांच्या यादीत पुढे आणखी चुका निघाल्या. २५७ चुकीचा ठरला; ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. १२७ तेवढा बरोबर.

पॅरिसला आल्यावर ल्युकांनी करमणुकीच्या गणितावर लिहायला घेतले. त्या पुस्तकाचा पहिला खंड १८८२ चा. पुढच्याच वर्षी दुकानांत हनोईचा मनोरा विकायला आला. पेटीत आठ लाकडी चकत्या. पेटीवर ल्युकांचे नाव नव्हते, ते होते सियामच्या कोणा एन. क्लाउस नावाच्या मंदारिन सरदाराचे, ली-सू-स्तियान विद्यालयातले. रोमन लिपीत या नावाची अक्षरे उलटसुलट केली की आम्यांचे ल्युका असे होते, आणि विद्यालयाची अक्षरे जुळवली की सँ लुई. भर शहरात नोकरी करणारे मास्तर आपल्या शाळेचे नाव असे खेळण्याच्या पेटीवर लपवतात, आणि ते शाळेतल्या कोणत्या मुलाने प्रथम ओळखले असेल, याची मी नुसती कल्पना करते.

त्याबरोबर एक कथाही पसरली. आंरी द पार्विल या लेखकाने १८८४ मध्ये ती रंगवून लिहिली. काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, ब्राह्मण रात्रंदिवस त्या हलवत आहेत, आणि सगळ्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगाचा अंत. काशीविश्वेश्वराचे दर्शन घेऊन आलेल्या कोणालाही विचारा, असले काही तिथे नाही. पण गणित खरे आहे. ६४ चकत्यांना दोनाचा ६४ वा घात वजा एक इतक्या खेळ्या लागतात. सेकंदाला एक धरली तर साधारण ५८ हजार कोटी वर्षे. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, तेव्हा काळजीचे कारण नाही.

इथे दोन धागे एकत्र येतात. एका चकतीला १ खेळी, दोनला ३, तीनला ७, चारला १५, पाचला ३१. म्हणजे मनोऱ्याच्या खेळ्या ह्याच मर्सेन संख्या. १२७ चकत्यांचा मनोरा केला तर त्याला बरोबर ल्युकांच्या त्या एकोणचाळीस आकडी संख्येइतक्या खेळ्या लागतील. लहान मुलांचे खेळणे आणि १८७६ चा तो हिशेब एकाच डोक्यातून, एकाच कल्पनेतून आले होते. आपल्या समाजात खेळ आणि अभ्यास यांची वेगवेगळी वेळापत्रके असतात. ल्युकांच्या घरी तशी नसावीत.

गुणाकार सोपा करायचे वेड त्यांना शेवटपर्यंत होते. हातचा न धरता गुणाकार करता येईल अशी पट्ट्यांची रचना कोणी करील का, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. रेल्वेतले एक इंजिनिअर, आंरी जनाय, यांनी तो सोडवला. पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि काळ्या त्रिकोणांच्या टोकांमागे डोळे नेत उत्तर वाचायचे. १८९१ मध्ये त्या लोकांसमोर आल्या. त्याच वर्षी ल्युकांच्या संख्याशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. दुसरा कधी निघालाच नाही.

त्या वर्षी विज्ञानप्रसारासाठी काम करणाऱ्या फ्रेंच संस्थेचे वार्षिक अधिवेशन मार्सेयला होते. मेजवानीच्या वेळी वाढप्याच्या हातून ताटल्या पडून फुटल्या आणि एक तुकडा उडून ल्युकांच्या गालाला लागला. जखम लहानशी. पण ती चिघळली, धावरे झाले. चेहऱ्यावर लालभडक सूज चढत गेली आणि ताप उतरेना. ३ ऑक्टोबर १८९१ ला ते गेले. वय ४९. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर ३७ वर्षांनी लागला. हा मजकूर लिहिताना मी स्वतः शेहेचाळिशीत आहे, आपल्या बॅचचे सगळेच आहेत, आणि १२७ च्या पटावर सव्वाशे वेळा सोंगट्या मांडणाऱ्या माणसाला एका फुटक्या ताटलीने न्यावे, हे मला अजून नीट गिळता येत नाही. करमणुकीच्या गणिताचे तिसरा आणि चौथा हे खंड त्यांच्या पश्चात १८९३ आणि १८९४ मध्ये निघाले.

त्यांच्या कसोटीतल्या फटी अमेरिकेच्या लेहमर यांनी १९३० मध्ये बुजवल्या. त्यांनी सुरुवात तीनऐवजी चारने केली आणि मग ती दोनापुढच्या सगळ्याच मूळ घातांना चालू लागली. आज तिला ल्युका-लेहमर कसोटी म्हणतात. १९५१ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ आकडी मूळ संख्या काढली. ती बनवताना त्यांनी पाया म्हणून ल्युकांचीच संख्या घेतली. तिचा वर्ग केला, १८० ने गुणले आणि एक मिळवला. ३० जानेवारी १९५२ ला कॅलिफोर्नियात स्वॅक नावाच्या यंत्रावर राफाएल रॉबिन्सन यांचा प्रोग्रॅम चालला. रॉबिन्सन यांनी ते यंत्र तोवर पाहिलेही नव्हते, नुसती माहितीपुस्तिका वाचून कार्यक्रम लिहून पाठवला होता. तो पहिल्याच फेरीत चालला आणि त्याच दिवशी ५२१ आणि ६०७ हे दोन नवे घात हाती लागले. पहिल्या फेरीत चाललेला प्रोग्रॅम ही काय चीज असते ते माझ्या टीममधल्या मुलांना विचारा. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी आहे, तीही मर्सेन जातीची, आणि तिच्यावरही शेवटचे शिक्कामोर्तब वर्ग करा, दोन वजा करा, बाकी ठेवा, याच रीतीने झाले.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. ल्युकांचा निकाल वाचून १८७६ मध्येच कातालां या गणितज्ञांच्या लक्षात आले, की दोनचा घात वजा एक करत गेलो तर एक साखळी तयार होते. २ चा घात घेतला की ३ येते, ३ चा घेतला की ७, ७ चा घेतला की १२७, आणि १२७ चा घेतला की ल्युकांची संख्या. सगळ्या मूळ. मग ल्युकांच्या संख्येइतका दोनाचा घात घेऊन एक वजा केला तर? ती मूळ आहे का? अजून कोणालाच माहीत नाही. लहान अवयव शोधून झाले, एकही सापडलेला नाही. ल्युकांच्या कसोटीने तपासायची म्हटली तर जवळपास ल्युकांच्या संख्येइतक्या वेळा वर्ग करावा लागेल. आणि त्याआधी ती संख्या कुठेतरी लिहून ठेवावी लागेल, तर तेवढे बिट मावतील असे जगात काहीच नाही.